दादाची जागा हिरव्यात गेली

नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गात सगळ्यांत आधी रंग शिकवतात. राहायची जागा पिवळी, कारखाने जांभळे, शाळा आणि इस्पितळं लाल, शेती आणि झाडोरा हिरवा. वर्गातली बाकीची मुलं ते मन लावून उतरवून घेत होती. मी पेन उघडलंसुद्धा नाही. गोव्यात, आमच्या पेडण्यात हे रंग चहाच्या गाड्यावर ऐकायला मिळतात. कुणाची जागा सेटलमेंटमध्ये, म्हणजे पिवळ्यात आली, कुणाची बागायतीत अडकली, कुणाचं शेत बघता बघता पिवळं झालं, यावर पोईचा पाव चहात बुडवता बुडवता माणसं हमरीतुमरीवर येतात. मासे विकणारी बाईसुद्धा ‘झोन’ म्हणते. त्यामुळे या विषयातलं आपल्याला कुणी काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी तिथे जाऊन बसले होते.

मला शिकायला पाठवलं ते दादाने. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. त्यानंतर घरात काही ठरवायचं झालं की आई आणि मी, दोघी दादाच्या तोंडाकडे बघायचो. तो मांद्र्याच्या गेस्टहाऊसमध्ये उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी टॅक्सी चालवायचा. मी सिव्हिलची पदवी घेऊन एका कंत्राटदाराकडे उन्हात उभी राहायचं काम करत होते, तेवढ्यात राज्याबाहेरच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला. शेजारणी विचारायला लागल्या, प्लॅनिंग शिकून ही नेमकं करणार काय? मला काही केल्या धड सांगता येईना. आईने सांगून टाकलं, “गाव खय वाढवचो आणि खय नाय, ता ही ठरवतली.” त्यातला ‘ठरवतली’ हा शब्द जरा जास्तच होता, पण ऐकायला इतका बरा वाटला की मीही तो खोडला नाही.

शिक्षण मात्र मनापासून आवडलं, हे कबूल करायला हवं. स्टुडिओ म्हणजे एक लांबलचक खोली, तिच्यात मोठमोठी मेजं आणि मेजांभोवती भांडणारे आम्ही. कुठलंही काम एकट्याने करायचं नाही, गटात करायचं, आणि गटात एक तरी माणूस असा असतो की ज्याचं नाव शीटवर पहिलं हवं आणि काम शेवटचं. आठवडाभर वस्तीवस्तीतून हिंडायचं, घरोघरी प्रश्न विचारायचे, मग ते सगळं नकाशावर चढवायचं आणि ज्युरीपुढे टांगायचं. ज्युरीतले पाहुणे दोन मिनिटं शीटकडे बघतात आणि असं काही विचारतात की आपण नक्की काय काढलं होतं तेच विसरायला होतं. मी रडले नाही. मी उलट उत्तरं द्यायचे, आणि त्याबद्दल मार्कही गमवायचे. एका वर्गमित्राने विचारलं, गोव्यात नियोजन कशाला हवं, तिथे तर सगळे सुट्टीलाच असतात. त्याच्याशी मी पुढचं अख्खं सत्र धड बोलले नाही.

आमच्या गाईड मॅडमचा एक नियम होता. ज्या जमिनीवर चालला नाहीत तिच्यावर रेघ ओढायची नाही. तो नियम मला फार पटला. शिक्षणातलं दुसरं काही विसरले तरी तो विसरायचा नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

दुसऱ्या वर्षी प्रादेशिक नियोजनाचा स्टुडिओ आला आणि माझ्या हट्टामुळे वर्गाची सहल गोव्यात आली. खाणी बंद पडल्यावर तिथल्या तालुक्याने जगायचं कशावर, हा विषय होता. डिचोलीतले खड्डे, त्यांत साठलेलं हिरवट पाणी, रस्त्याकडेला गंजत उभे असलेले ट्रक, हे सगळं दाखवायला दादा टॅक्सी घेऊन आमच्या पुढे होता. सुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, इथे ओळखीचं घर आहे, पाणी पिऊया. दादाला पाण्याची एवढी तहान कधी लागल्याचं मला आठवत नव्हतं. पाण्याचे पेले घेऊन एक मुलगी बाहेर आली आणि दादा गाडीच्या चाकाकडे बघायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ती मांद्र्याला एका गेस्टहाऊसच्या ऑफिसात कामाला होती. आठवडाभर तिथेच मावशीकडे राहायची आणि सुट्टीला घरी यायची. घरी आणून सोडायचं काम दादाकडे कधी आणि कसं आलं, ते त्या दोघांनाच माहीत. तिला वडील नव्हते, काका होते. काकांचे एकेकाळी खनिजाचे ट्रक होते. त्यांनी आमच्या हातातला नकाशा घेतला, ओसरीवर पसरला आणि कुठली हद्द कुठे संपते ते बोटाने दाखवायला लागले. खाणीच्या गावांतल्या माणसांना नकाशा वाचता येतो. हद्दींवरून जन्मभर भांडलेले असतात ते. आमच्या वर्गातली मुलं त्यांच्यावर खूश झाली, मीही झाले.

परतताना मी दादाला चिडवून चिडवून हैराण केलं. तो नुसता हसत होता. मग हळूच म्हणाला, “त्यांचा एकच म्हणणा असा. येगळा घर होया.” चूक नव्हतं त्यांचं. आमचं घर चुलत्यांचं आणि आमचं एकत्र होतं. मधे भिंत घालून आमच्या वाट्याला एक खोली, स्वयंपाकघर आणि सोपा आला होता. आई आणि मी खोलीत झोपायचो, दादा सोप्यावर. नवी सून त्या घरात आणायची म्हणजे तिला कुठे ठेवायची, हा प्रश्न आईलाही पडलेला होता. पण आमच्याकडे घरामागच्या उतरणीवर काजूची थोडी जागा होती. दादाने तिकडे घर बांधायचं मनात धरलं होतं. बांधकाम तो जमेल तसं हळूहळू करणार होता. फक्त जागा आहे, हे त्यांना दाखवायचं होतं.

थिसिससाठी मी माझाच गाव निवडला. सगळेच तसं करतात. आपल्या गावची माहिती पटकन मिळते, राहायचा खर्च नाही, आणि आईच्या हातचं जेवण. विषय होता डोंगर, पाणी आणि वस्ती. सुट्टीत मी रोज उतरणीवर चढायचे आणि दादा भाडं नसलं की माझ्याबरोबर यायचा. टेपचं एक टोक तो धरायचा, दुसरं मी. कुठे झर फुटते, पावसाचं पाणी कुठून उतरून खालच्या सुपारीच्या कुळागरात शिरतं, हे मी लिहून घ्यायचे आणि तो काजूच्या बोंडूंवर हात मारत चालायचा. खरं सांगते, माझ्या शिक्षणातले सगळ्यांत सुखाचे दिवस ते. ना ज्युरी, ना गट, मी आणि माझा भाऊ.

आमच्या जागेत त्याने चार कोपऱ्यांना चार चिरे मांडून ठेवले होते. त्यांच्या मधोमध उभा राहून त्याने मला घर दाखवलं. “हय सोपो. हय रांदूची खोली. आणि हय एक मोठा जनेल, हयसून दूरचो दर्यो दिसतलो.” मग मागच्या कोपऱ्याकडे हात करून म्हणाला, “आणि ही खोली तुका. नकाशे पसरूक.” मी म्हटलं, लग्न तू करणार, खोली मला कशाला? तर म्हणाला, तुझे कागद बघितले की आईला झाडू मारायला जागा उरत नाही, म्हणून.

आणि संध्याकाळी घरी येऊन मी कंटूरच्या रेषा काढायला बसले, की त्याच जागेवर त्या रेषा एकमेकींना चिकटायच्या. रेषा चिकटल्या म्हणजे चढ तीव्र. ठरावीक चढापलीकडे बांधकाम नको, हे आम्हांला पहिल्या सत्रापासून घोकून घेतलेलं. त्यात माती सैल आणि जागेच्या खालीच झर. मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला गेले तेव्हा दादाला बरोबर नेलं नाही. उत्तर तेच आलं.

तिथे घर व्हायला नको, हे मला पटलं होतं. दादाचं घर तिथेच व्हावं, असंही मला वाटत होतं. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या, कारण माझा नकाशा हा परीक्षेचा कागद आहे, हे मला पक्कं माहीत होतं. गावात तसल्या उतरणींवर कितीतरी घरं आहेत. पंचायतीत खेटे घालून, इकडून तिकडून परवानग्या काढून लोक बांधतात, राहतात, मुलांची बारशी करतात. दादाही बांधेल. झर वाचवून, भिंत घालून कसं बांधायचं ते मी त्याला सांगेन. कागदावर मात्र मी खोटं काढणार नव्हते. अख्खी उतरण मी हिरवी केली आणि आमची जागा त्यात गेली.

ज्युरीत त्या थिसिसचं कौतुक झालं. एका परीक्षकाने विचारलं, तुमच्या गावातल्या लोकांना हे पटेल का? मी मान ताठ करून म्हटलं, पटवून देऊ. टाळ्या पडल्या नाहीत, पण पडायला हव्या होत्या असं मला वाटलं होतं.

मोठं शीट गुंडाळून मी घरी आणलं आणि सोप्यावर पसरलं. आईने देऊळ शोधलं, विहीर शोधली, आमचं घर सापडल्यावर त्यावर बोट ठेवून बसली. दादाला मी स्वतः सांगितलं, मागची उतरण मी हिरवी दाखवली आहे, आपल्या जागेसकट. त्याच्या कपाळाला आठी पडली. “हो सरकारी नाय मगो?”

“नाय रे. परीक्षेचो.”

“मगे भिऊक नको,” असं म्हणून तो शीटच्या खालच्या कोपऱ्याकडे बघायला लागला. तिथे माझं नाव मोठ्या अक्षरांत होतं. दुसऱ्या दिवशी म्हापशाला भाडं घेऊन जाताना तो शीट बरोबर घेऊन गेला आणि काच घातलेली फ्रेम करून आणली. खिळाही त्यानेच मारला. देवांच्या तसबिरी सोडल्या तर आमच्या भिंतीवर तेवढी एकच गोष्ट होती. येणाऱ्याजाणाऱ्याला आई तिथे उभं करायची. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

मुलीकडची माणसं घर बघायला आली ती दुपारी. काका, तिची आई आणि आणखी दोघं. आईने पातोळ्या केल्या होत्या. दादा नवा शर्ट घालून उगाच आतबाहेर करत होता. चहा झाल्यावर उतरणीवर जाऊन जागा बघायची, असं ठरलं होतं. काका चहाचा कप हातात घेऊन खुर्चीवरून उठले आणि भिंतीपाशी गेले. आईला कोण आनंद! “आमच्या चेडवान केल्यान,” असं तिने मागून सांगितलंसुद्धा.

काकांनी खिशातून चष्मा काढला. आमचं घर शोधायला त्यांना कुणाची मदत लागली नाही. घरावरून बोट मागे सरकलं, रेषांवरून वर चढलं आणि थांबलं.

“जागा हीच न्हय?”

दादा म्हणाला, “होय.”

“मागीर ही हिरवी कशी?”

काकांनी कोपऱ्यातली रंगांची सूची वाचली. हिरव्या चौकोनापुढे मी माझ्या हाताने लिहिलं होतं, बांधकाम वर्ज्य. मी पुढे झाले आणि म्हटलं, हा फक्त परीक्षेचा कागद आहे, कायद्याने याला काही किंमत नाही. काका हसले. वाईट हसले नाहीत. म्हणाले, “सरकार तरी नकाशे कोणाकडसून करून घेता, बाय? तुमच्याकडसूनच न्हय?”

मग त्यांनी चष्मा काढला आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, “तूं शिकिल्लें चेडूं. खरें सांग. हांगा घर बांदूंक जाता?”

त्यांनी खाणीच्या खड्ड्यांच्या कडेची माती सरकताना डोळ्यांनी पाहिली होती. त्यांना पुतणी द्यायची होती. त्यांनी विचारलं ते अगदी रास्त होतं. मी ज्युरीपुढे उभी असल्यासारखी पुस्तकी मराठीत म्हणाले, “उतार बराच आहे. माती सैल आहे, खालून पाणी जातं. तिथे बांधकाम नको.” त्यापुढे मला म्हणायचं होतं की तरीही काळजी घेऊन छोटं घर बांधता येतं, मी स्वतः लक्ष घालीन. तेही म्हणाले. पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. काकांनी कप मेजावर ठेवला होता आणि तिची आई पदर सावरत उठली होती.

उतरणीवर कुणी गेलंच नाही. गाडी वळणावरून गेल्यावर दादाने पातोळ्यांची ताटं उचलली आणि आत नेऊन ठेवली. मी त्याच्या मागे मागे गेले. तो एवढंच म्हणाला, “बरा बोललंस.”

मी खोटं बोलायला हवं होतं का? कित्येकांनी मला ते सुचवलं. आईने तर वर्षभर सुचवलं. माझं उत्तर तेव्हाही नाही होतं आणि आजही नाही आहे. उतरण खरोखरच तशी आहे. पण माझं बरोबर होतं म्हणून काही माझं काळीज कमी फाटलं नाही. त्या दुपारनंतर माझा भाऊ माझ्याशी भांडला असता तरी मी सुखी झाले असते. तो भांडला नाही. तो मला ‘तू जेवलंस?’ एवढंच विचारायचा.

गावातल्या दोघातिघांनी त्याला सांगून बघितलं. पंचायतीत जा, ऑफिसात जाऊन विचार, कागदावर अजून काही झालेलं नाही. त्याचं ठरलेलं उत्तर होतं, “माज्या भयणीनच नको म्हणान लिवल्यान. आता मी कोणाक विचारू?” मी त्याला किती परींनी समजावलं. हा अभ्यास आहे, दादा. असे थिसिस लायब्ररीत धूळ खात पडतात. याच्यावर कुणाची सही नाही, शिक्का नाही. त्याला वाटायचं, मी त्याचं मन राखायला बोलते आहे. पुढे तालुक्याचा कच्चा नकाशा लोकांना बघायला लावला, त्यातही आमची उतरण हिरवीच निघाली. साहजिक होतं, नियम सगळीकडे एकच. पण मी त्याच सुमारास पणजीत एका सल्लागाराकडे नकाशे करायच्या नोकरीला लागले होते. झालं. काकांचे शब्द खरे ठरले, निदान दादाच्या लेखी.

त्या मुलीचं लग्न फोंड्याकडे झालं. दादाने टॅक्सी विकली आणि वास्कोला गेला, बंदरावर ट्रेलर चालवायला. तिथे एका खोलीत राहतो. लग्नाचा विषय कुणी काढला की उठून जातो. चवथीला येतो, गणपतीवर माटोळी बांधतो, आरतीला उभा राहतो आणि संध्याकाळच्या बसने परत जातो. पूर्वी विसर्जनापर्यंत आमच्या घरात त्याचा आवाज असायचा. मी त्याच्यासाठी ताट वाढते, तो जेवतो. मांजरही एवढं परक्यासारखं जेवत नाही.

मी आता शिकवते. आठवड्यातून दोन दिवस पदव्युत्तर पहिल्या वर्षाचा स्टुडिओ घेते, बाकीचे दिवस नकाशे करते. मुलांना रंग शिकवते. मॅडमचा नियमही सांगते, चालल्याशिवाय रेघ नको. थिसिससाठी आपला गाव घेऊ का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. मी म्हणते, घ्या, पण नकाशा घरी नेऊ नका. मुलं हसतात. त्यांना वाटतं मॅडम विनोद करतात.

आमच्या जागेच्या वरचा डोंगर चुलत्यांच्या वाट्याचा. त्यांनी तो दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या कुणाला तरी विकला. आणि थोड्याच दिवसांत तो हिरव्याचा पिवळा झाला. कसा झाला, ते मला व्यवसायाने ठाऊक आहे आणि त्याबद्दल इथे लिहून माझं रक्त आटवायचं नाही. मी हरकत घेतली. थिसिस काढला, झरीचा नकाशा जोडला, सुनावणीला गेले. तिथल्या माणसाने कागद घेतले, धन्यवाद म्हटलं, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. एवढी वर्षं शिकून, शिकवून, माझ्या नकाशाने आजवर एकच घर थांबवलं होतं, आणि ते माझ्या भावाचं होतं. हे मला त्या सुनावणीच्या बाकावर बसल्या बसल्या कळलं आणि मी तिथेच, परक्या माणसांत, ढसाढसा रडले. शेजारच्या बाईला वाटलं माझी जमीन गेली. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

गेल्या दिवाळीनंतर डोंगरावर मशीन आलं. आईने वास्कोला फोन केला, का कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. पिशवी सोप्यावर टाकून तो तडक मागे गेला, आणि मी त्याच्या पाठोपाठ. काजूच्या झाडांखाली आम्ही उभे राहिलो. वर पिवळं मशीन तांबडी माती ओरबाडून खाली लोटत होतं आणि ढेकळं आमच्या कुंपणापर्यंत घरंगळत येत होती. झरीचं पाणी लाल झालं होतं. आम्ही दोघं इतक्या जवळ खूप वर्षांनी उभे होतो.

दादा म्हणाला, “थांबव तेका.”

“माज्या हातात काय असा?”

“तुज्या नकाशार ता हिरवा असा.”

“माजो नकाशो कोण बगता रे?” मी चिडलेच. “सुनावणीक घेऊन गेललंय. कोणी उघडून बगूक नाय. परीक्षेचो कागद तो. कायएक किंमत नाय तेका.”

तो माझ्याकडे वळला. मी त्याला हे किती वेळा सांगितलं होतं! पण आज वर मशीन चालू होतं आणि मी हात चोळत उभी होते. आज त्याला ते दिसत होतं.

“तेव्हाय नाय?” त्याने विचारलं.

“तेव्हाय नाय, दादा.”

तो खाली बसला, मातीतच. मला वाटलं, आता शिव्या देईल, निदान हात उगारेल. मी वाट बघत होते. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता.

“तिना लग्नाआधी माका फोन केल्यान. ‘रव म्हणान सांग, मी थांबतंय, घरात सांगतंय,’ म्हणाली. मी तिका सांगलंय, रवा नको. सरकारी नकाशो असा, कायएक जावचा नाय.”

मी त्याच्या शेजारी बसले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

“ती रवाक तयार होती गो.”